बुडालेल्या बाभळीचं पुढे काय होतं

अंजनाचं लाकूड पाण्यात टाकलं की सरळ तळ गाठतं. लाकडाच्या वखारीत वाढलेल्या पोरांना हे कुणी वेगळं शिकवत नाही. आमची वखार शहाद्याला होती. सातपुडा पाठीशीच, त्यामुळे साग, सादडा, धावडा, कडुनिंब, बाभूळ असं सगळं आवारात रचलेलं असे. पण अंजनाचा ओंडका आला की करवतीवरचा माणूस कुरकुरायचा. करवतीचे दात जातात, धार बसते, आणि दिवसभर चिरूनही हातात फळ्या एवढ्याशाच. आम्ही पोरं त्याचे ढलपे पाण्याच्या हौदात टाकून बघायचो. सागाचा ढलपा डुलत राहायचा, बाभळीचा पाण्याबरोबर जेमतेम, आणि अंजनाचा हातातून सुटला की गेला.

बाभळीची तऱ्हा वेगळी. औताला आणि गाडीच्या चाकांना तिच्यासारखं लाकूड नाही, पण तिला घुण फार लवकर लागते. ओंडक्याखाली पिवळसर भुगा दिसला की समजायचं, आत काम सुरू झालंय. त्यावरचा जुना इलाज म्हणजे ओंडके पाण्यात बुडवून ठेवणं. आप्पा, म्हणजे माझे वडील, दिवाळीनंतर निवडक ओंडके गोमाईच्या डोहात घालायचे आणि वर दगड ठेवायचे. लाकडातली साखर आणि पिठूळ अंश पाणी ओढून घेतं, मग किड्याला त्यात काही राम उरत नाही. उन्हाळ्यात डोह आटायला लागला की ओंडके बाहेर निघत. साल नुसत्या हाताने सोलली जायची, तिच्याखाली काळा गाळ, आणि नासक्या अंड्यांसारखा असा वास की धुणं धुणाऱ्या बायका पदर नाकाला लावायच्या. आतलं लाकूड मात्र खणखणीत.

त्यामुळे डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता: कीड कोरड्या लाकडाची, पाणी म्हणजे राखण. नोकरीतून मोकळी झाल्यावर खोल समुद्राबद्दल वाचायला लागले, तेव्हा तो हिशेब खाऱ्या पाण्यात चालत नाही हे कळलं. समुद्रात बुडालेलं लाकूड खाल्लं जातं, आणि ते खाण्यासाठीच जन्माला आलेले जीव दोन-दोन, तीन-तीन हजार मीटर खोल, मिट्ट काळोखात असतात.

पण आधी लाकूड तिथवर जातं कसं, ते बघू. माझं आजोळ तापीकाठी, सारंगखेड्याच्या अलीकडे. बॅरेज व्हायच्या आधीचे दिवस. तापीला पूर आला की गावातली निम्मी माणसं काठावर. काही नुसती बघायला, काही दोराला लोखंडी आकडा बांधून लाकडं ओढायला. रावेर-यावलकडून केळीचे खांबच्या खांब वाहत यायचे, कुणाच्या तरी खळ्यातल्या पऱ्हाट्या यायच्या, छपराच्या कड्या यायच्या, मधूनच मुळांसकट आख्खा कडुनिंब गरगरत जायचा. केळीकडे कोणी ढुंकून बघत नसे. निंबाचा ओंडका मिळाला तर घराचा सरा व्हायचा, नाहीतर वर्षाचं सरपण. हाताला लागायचं ते थोडंच. बाकीचं कुठे जातं, म्हणून मी एकदा नावाड्याला विचारलं, तर नदीवरची नजर न काढता तो म्हणाला, "बठ्ठं समुद्रमा जास, माय."

त्याचं बरोबर होतं. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर चालत जाणारी तापी सुरतेच्या खाली खंभातच्या आखाताला मिळते. मोठ्या पुरात झाडं समुद्रापर्यंत जातात, आणि जगभरच्या नद्या हेच करतात. २००९ साली मोराकोट नावाचं वादळ तैवानवर आलं. त्या एका वादळाने डोंगरावरून समुद्राकडे लोटलेल्या लाकडाचा अंदाज संशोधकांनी काढला, तो ३८ लाख ते ८४ लाख टन. ओंडक्यांमुळे तिथली बंदरं बंद पडली होती.

लाकूड तरंगतं ते त्याच्यातल्या हवेच्या जिवावर. पेशींच्या भिंती ज्या द्रव्याच्या असतात ते पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड आहे. म्हणजे प्रत्येक लाकूड आतून अंजनच. फक्त बाकीच्यांच्या पोटात हवेच्या कोठड्या जास्त. महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात भिजत राहिलं की त्या कोठड्या एकेक करून भरतात आणि एके दिवशी ओंडका खाली सुटतो. थोडा खाली गेला की वाढत्या दाबाने उरलेली हवाही दाबली जाते. तिथून तो वर येत नाही.

ही गोष्ट माणसाच्या जाळ्यात अधूनमधून सापडत होती. १८७७ ते १८८० या काळात अलेक्झांडर अगासीझ 'ब्लेक' जहाजावरून कॅरिबियन समुद्राचा तळ जाळीने खरवडत होता. हजार फॅदमच्याही खाली, म्हणजे १,८०० मीटरपेक्षा खोल, आणि किनाऱ्यापासून दहा-पंधरा मैलांवर त्याला पानांचे ढीग, बांबूचे तुकडे, उसाची कांडकी आणि जमिनीवरच्या गोगलगायींचे रिकामे शंख मिळत होते. पुढे १९५० ते १९५२ च्या डॅनिश 'गॅलेथिया' मोहिमेनेही महासागरांच्या खोल दऱ्यांतून जमिनीवरच्या झाडांचे अवशेष वर काढले. म्हणजे जमिनीवरचा पाचोळा तिथे पोचतो, हे माहीत होतं. त्याचं पुढे काय होतं, हे बघायला कोणी फारसं थांबलं नव्हतं.

न थांबण्याला कारण होतं. खोल समुद्र म्हणजे सगळं संथ, अशी ठाम समजूत होती. ऊन नाही, पाण्याचं तापमान दोन-तीन अंश, तीन हजार मीटरवर तीनशे वातावरणांचा दाब. वरच्या उजेडातल्या थरात जे अन्न तयार होतं, त्यातला शेकड्यात एखाद-दुसरा भाग खाली पोचतो, तोही भुकटी होऊन. अशा उपासमारीत कोण घाई करणार? त्यात १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये एक मजेदार अपघात झाला. 'अल्विन' ही संशोधनाची छोटी पाणबुडी समुद्रात उतरवताना तिचे दोर तुटले. माणसं बाहेर पडली, पाणबुडी साधारण १,५०० मीटर खोल जाऊन बसली. दहा महिन्यांनी ती वर काढली तेव्हा आत राहिलेले जेवणाचे डबे सापडले. सँडविच आणि सफरचंदं! पाव भिजलेला होता, पण नासलेला नव्हता. खाण्यालायक होतं म्हणतात. दहा महिने! आमच्याकडे मे महिन्यात सकाळची भाजी दुपारी आंबते. तेव्हा शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की खोल पाण्यात कुजण्याची क्रिया फार म्हणजे फार मंद चालते. निष्कर्ष तसा रास्तच होता, पण तो पावाला लागू होता.

रूथ टर्नर या बाईंनी तिथे लाकूड ठेवलं. हार्वर्ड विद्यापीठातल्या या संशोधक, आयुष्यभर लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्यांच्या मागे लागलेल्या. बंदरातल्या धक्क्यांचे खांब आणि गलबतांची बुडं पोखरणारा जहाजकिडा हा खरं तर किडा नव्हे, लांबुडका शिंपलाच. त्यातल्या त्या जाणकार. १९७१ मध्ये त्या अल्विनमधून समुद्रात उतरल्या. त्या पाणबुडीतून खाली जाणाऱ्या त्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ. त्यांनी १,८३० मीटर खोलीवर लाकडाच्या फळ्या ठेवल्या आणि १०४ दिवसांनी काढल्या. फळ्यांची चाळण झालेली. जिथे सँडविच दहा महिने टिकतं, तिथे लाकडाला साडेतीन महिनेही धड निघाले नाहीत. १९७३ साली त्यांनी हे 'सायन्स' नियतकालिकात छापलं आणि खोल समुद्रात सगळंच संथ असतं ही समजूत मोडीत निघाली. हे शिंपले लवकर वयात येतात, भराभर वाढतात, मुबलक अंडी घालतात आणि मिळालेल्या लाकडावर तुटून पडतात, असं त्यांनी दाखवून दिलं.

मला त्या १०४ आकड्याचं अप्रूप वाटतं ते वखारीमुळे. घुण लागलेल्या बाभळीची पार चाळण व्हायला आमच्याकडे वर्ष-दोन वर्षं सहज जातात, आणि तेही चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात. तिथे तर पाणी फ्रिजमधल्यासारखं गार.

या शिंपल्यांचं नाव झायलोफागा. दोन शिंपा, आकाराने साधारण हरभऱ्याएवढ्या. अंग शिंपांमध्ये पुरतं मावतही नाही. शिंपा फक्त पुढच्या भागावर, कारण त्यांचं काम अंग झाकायचं नाहीच. त्या कानशी आहेत. शिंपांच्या पुढच्या कडेवर बारीक दातांच्या ओळी असतात, एकीखाली एक, अगदी सारख्या अंतरावर. शिंपला पायाने लाकडाला घट्ट चिकटतो आणि शिंपा मागेपुढे झुलवत खरवडत राहतो. नवीन दातांच्या ओळी वाढत्या कडेला फुटत राहतात, त्यामुळे धार लावायला कुठे जायला नको.

हा जीव लाकडात शिरतो तेव्हा डोळ्याला धड दिसत नाही एवढा असतो. पाण्यातून तरंगत आलेलं पिल्लू ओंडक्यावर बसतं, टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडतं आणि आत जाऊन वाढतं. भोक तेवढंच राहतं, आतली खोली मात्र त्याच्या अंगाबरोबर मोठी होत जाते. मग बाहेर यायचा प्रश्नच मिटला. श्वासासाठी पाणी आत घ्यायची आणि बाहेर टाकायची नळी तेवढी दाराशी ठेवायची, बाकी जन्म आत. त्यामुळे ओंडका वरून बघितला तर टाचणीने टोचल्यासारखा दिसतो आणि हातात घेतला तर पोकळ निघतो. शेकड्यांनी शिंपले एका ओंडक्यात असतात, पण एकमेकांच्या खोल्यांत घुसत नाहीत. मधे कागदाएवढी पातळ भिंत राखून वळण घेतात. काही जातींत नर अगदी चिमुकले असतात आणि मादीच्या शिंपल्यावर बसूनच राहतात, तो आणखी एक निराळाच संसार.

लाकूड खरवडणं एक आणि ते पचवणं दुसरं. लाकडात सेल्युलोज भरपूर, पण ते फोडायची ताकद फार थोड्या प्राण्यांच्या पोटात असते. झायलोफागाने त्यासाठी कल्ल्यांमध्ये जिवाणू पाळलेत. दुसरी अडचण त्याहून अवघड: लाकडात नत्र जवळपास नाहीच. नुसतं लाकूड खाऊन अंगात मांस भरायचं म्हणजे नुसत्या कडब्यावर पैलवान पोसण्यातला प्रकार. जहाजकिड्यांच्या कल्ल्यांत सापडलेला एक जिवाणू हे दोन्ही करतो. सेल्युलोजही फोडतो आणि पाण्यात विरघळलेला नत्रवायूही बांधून देतो, जे काम आमच्या शेतात हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी करतात. या जिवाणूला २००२ मध्ये नाव मिळालं, टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी. टर्नर बाईंवरूनच. जिवाणूला आपलं नाव मिळावं यापेक्षा मोठा सत्कार संशोधकाचा काय व्हायचा, शाल-श्रीफळ त्यापुढे किरकोळ!

आता लाकूड हे या जिवाचं घरही आणि ताटही. जितकं खावं तितकं घर पातळ. हे वाचताना मला आजोळचं धाब्याचं घर आठवलं. खांबांवर सरे, सऱ्यांवर कड्या, कड्यांवर किलचण, वर खारी माती. एका पावसाळ्यात मधल्या सऱ्याला वाळवी लागल्याचं कळलं तेव्हा मामाने बोटाने दाबून बघितलं आणि बोट आत गेलं. पण वाळवीचं वारूळ बाहेर असतं. सरा संपला की ती दुसरीकडे जाते. झायलोफागाला दुसरीकडे नाही. ओंडका संपला की तोही संपला. त्याच्या हातात एवढंच की संपायच्या आत पिल्लं पाण्यात सोडायची. ती दिवसेंदिवस अंधारात वाहत राहतात, आणि त्यांतल्या एखाद्याला पुढचा ओंडका भेटतो. एवढ्या मोठ्या समुद्रतळावर हा योग जुळतो कसा, यावर शास्त्रज्ञांचा खल चालू आहे. पण जुळतो खरा, कारण लाकूड ठेवलं आणि कोणी आलंच नाही, असं फार क्वचित होतं. क्वचित म्हणजे कुठे, त्याकडे येतेच.

झायलोफागाच्या मागोमाग बाकीचं गाव वसतं. शिंपल्याने मोकळ्या केलेल्या खोल्यांत कृमी राहायला येतात, लाकडावरचा जिवाणूंचा थर खरवडणाऱ्या गोगलगायी येतात, त्यांना खाणारे येतात. मुनिडॉप्सिस अंदमानिका नावाचा एक खेकड्याच्या गोतातला प्राणी आहे, नावातच अंदमान. त्याचं पोट तपासलं तेव्हा त्यात लाकूडच निघालं. १९८६ साली जाहीर झालेला एक शोध असा: न्यूझीलंडजवळ हजार मीटरच्या खाली सापडलेल्या बुडीत लाकडावर एक सेंटिमीटरहूनही लहान, चपट्या चकतीसारखा जीव मिळाला. झायलोप्लॅक्स. तो इतका अनोळखी होता की तारामासे ज्यात मोडतात त्या काटेरी कातडीच्या प्राण्यांच्या गोतात त्याच्यासाठी आख्खा नवा वर्गच उघडण्यात आला. पुढे तपासाअंती तो तारामाशांतलाच ठरला. त्याच्या बहामाजवळ मिळालेल्या दुसऱ्या जातीलाही टर्नर बाईंचं नाव आहे. या बाईंनी समुद्राच्या तळाशी बरीच जागा नावावर करून ठेवलीय.

आणि मग तो प्रयोग, ज्यामुळे मी या सगळ्यात ओढली गेले. २००६ साली क्रेग मॅक्लेन आणि जेम्स बॅरी या अमेरिकी संशोधकांच्या गटाने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे सुमारे ३,२०० मीटर खोल तीसहून जास्त ओंडके मांडले. सातपुड्यातल्या आमच्या अस्तंभा डोंगराची उंची १,३२५ मीटर. दोन अस्तंभे एकावर एक रचले तरी पाण्याबाहेर डोकं निघणार नाही, एवढी ती खोली. सगळ्यात लहान ओंडका ०.६ किलोचा, सगळ्यात मोठा २०.६ किलोचा, प्रत्येक जाळीच्या पिशवीत शिवलेला, यंत्रमानवाच्या हाताने ओळीत ठेवलेला. लाकूड कोणतं? अकेशियाचं. म्हणजे बाभळीच्याच गोतातलं! (वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे आपल्या बाभळीला अकेशियातून काढून व्हॅचेलिया केलंय. भावकी वेगळी झाली तरी कूळ एकच.) आप्पांनी घुणीपासून वाचवायला डोहात घातलेली बाभूळ मला आठवली, आणि तिची ही चुलत बहीण, जिला मुद्दाम खाल्लं जावं म्हणून बुडवलेली.

पाच वर्षांनी काही ओंडके वर काढले. एकमेकांपासून चार-पाच मीटरवर ठेवलेल्या ओंडक्यांवरही वस्ती सारखी नव्हती. लहान ओंडक्यावर एक मंडळी, मोठ्यावर दुसरीच. मोठ्या लाकडात अन्न जास्त आणि ते जास्त काळ पुरतं, त्यामुळे लहान ओंडक्यावर ज्यांचं भागत नाही असे जीवही तिथे तग धरतात. लाकूड एकच, पाणी एकच, समोरासमोरची घरं. पण किती किलोचं घर वाट्याला आलं, त्यावर शेजारी कोण हे ठरलं.

ओंडका अर्धामुर्धा संपल्यावर गोष्टीला आणखी एक वळण मिळतं. शिंपल्यांनी खरवडलेला भुगा आणि त्यांची विष्ठा ओंडक्याभोवती पसरते. जिवाणू ती खाताना गाळातला प्राणवायू संपवतात, मग प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जिवाणू पुढे येतात आणि समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. नासक्या अंड्यांचा वास तो हाच. गोमाईच्या डोहातून ओंडका काढताना बायका ज्याला नाकं मुरडत, तो. खोल समुद्रात या दुर्गंधीवर जगणारे जीव आहेत. भूमध्य समुद्रात १,७०० मीटरवर जर्मन आणि फ्रेंच संशोधकांनी ठेवलेल्या ओंडक्यांवर वर्षभरातच असे शिणाण्यांच्या (मसल) जातीचे छोटे शिंपले येऊन राहिले. त्यांच्या कल्ल्यांतले जिवाणू सल्फाइड जाळून त्यावर अन्न बनवतात, ऊन नको, हिरवं पान नको.

समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे आहेत, १९७७ साली गालापागोसजवळ पहिल्यांदा दिसले. तिथले मोठमोठे शिंपलेही असेच सल्फाइडवर जगतात. उथळ किनाऱ्यावरचे शिंपले इतक्या खोल झऱ्यांपर्यंत गेले तरी कसे? २००० साली 'नेचर'मध्ये एका गटाने जनुकांच्या आधारे उत्तर सुचवलं: बुडीत लाकडं आणि देवमाशांच्या हाडांवर मुक्काम करत करत, पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरत. सगळ्यांनी ते जसंच्या तसं मान्य केलं असं नाही, पण मला ते पटतं. वाटेत मुक्कामाची ठिकाणं असल्याशिवाय इतका लांबचा पल्ला कोण गाठतं!

आता ती 'क्वचित'ची गोष्ट. अंटार्क्टिकाजवळच्या पाण्यात ब्रिटिश आणि स्वीडिश संशोधकांनी ओक आणि पाइनच्या फळ्या चौदा महिने ठेवल्या आणि काढल्या, तर फळ्या होत्या तशाच. शेजारी ठेवलेली देवमाशाची हाडं मात्र हाडखाऊ कृमींनी भरून गेलेली. त्यावरून २०१३ मध्ये त्यांनी लिहिलं की अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या शॅकल्टनचं जहाज 'एन्ड्युरन्स' तळाशी शाबूत असणार. १९१५ मध्ये बर्फात चिरडून बुडालेलं ते लाकडी जहाज ५ मार्च २०२२ ला वेडेल समुद्रात ३,००८ मीटर खोल सापडलं, आणि मागच्या बाजूवरचं नाव वाचता येत होतं. कारण साधं आहे. अंटार्क्टिकावर कोट्यवधी वर्षांत झाड नाही. झाड नाही म्हणून नदीतून लाकूड नाही, लाकूड नाही म्हणून लाकूड खाणारं कोणी नाही. त्यात त्या खंडाभोवती फिरणारा प्रवाह बाहेरच्या पिल्लांना सहज आत येऊ देत नाही.

त्या जहाजाचे फोटो मी पुष्कळ वेळ बघत बसले. सगळे म्हणत होते, किती सुंदर टिकलंय. मला मात्र ते उपाशी गाव वाटलं.

उलट टोक आपल्याकडे आहे. २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात खोल तळाशी छिद्रं पाडून गाळाचे नमुने काढले गेले. गंगा-ब्रह्मपुत्रेने वाहून आणलेल्या त्या गाळात लाकडाचे बारीक तुकडे निघाले, वरच्या थरांत आणि जुन्या थरांतही, थेट १ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीपर्यंत. काही तुकडे हिमालयात तीन हजार मीटरच्या वर वाढलेल्या झाडांचे होते. एवढी वर्षं नदीने शिधा बंद केलेला नाही.

आमच्या तापीचं काय? १९७२ साली गुजरातेत तिच्यावर उकाईचं धरण पुरं झालं. त्याच्या फुगवट्यात नवापूर-नंदुरबारकडची आदिवासी गावंही गेली, ते दुःख या लेखात मावणारं नाही. पण लाकडापुरतं बोलायचं तर तेव्हापासून सातपुड्यातून वाहत आलेल्या ओंडक्याला वाटेत उकाईचा जलाशय आडवा आला. फुगवट्यात पाणी थबकतं, ओंडका काठाला लागतो, कोणी सरपणाला नेतो, नाहीतर भिजून तिथेच गाळात बसतो. गोड्या पाण्यात झायलोफागा नाही, म्हणजे आप्पांचा डोहाचा हिशेब तिथे लागू. आता त्याच्या आधीच सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी बॅरेजही झाली. खरं सांगायचं तर तापीच्या लाकडाला खोल समुद्र जवळचा कधीच नव्हता. खंभातच्या बाहेर समुद्राचा उथळ पट्टा शेकडो किलोमीटर रुंद आहे. तो तरंगत पार केल्याशिवाय खोल पाणी लागत नाही. उथळ पाण्यात जहाजकिडे टपलेले. शंभरातले किती ओंडके पुढे जात असतील कुणास ठाऊक. पण जे जात असतील त्यांच्यावर काही घरं चालत असणार.

खान्देशात एक तक्रार मी जन्मल्यापासून ऐकतेय: तापीचं पाणी गुजरातेत जातं आणि तिथून समुद्रात वाया जातं. निवडणुकीच्या सभेत, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या फलाटावर. आणि मी काही त्यावर नाकं मुरडणारी शहरी बाई नाही. ज्याच्या विहिरीत फेब्रुवारीतच खडखडाट होतो त्याने तसं म्हटलं तर चुकलं काय? पण समुद्रात गेलं म्हणजे गेलं, पुढे काही नाही, हे आता माझ्या तोंडून निघत नाही. नदी पाण्याबरोबर काय काय नेते आणि ते कुणाच्या ताटात पडतं, याचा हिशेब आम्ही कधी मांडलाच नाही.

परवा चुलतभावाच्या मळ्यात गेले होते. त्याला हे सगळं सांगितलं, शिंपले, बाभूळ, नासका वास, सगळं. तो केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या तपासत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तुना त्या शिंपलास्ले सांग, पानी आम्हले लागस. लाकूड लई जा म्हना."

मी म्हटलं, अरे, हे अगदीच अशक्य नाही. काही देशांत धरणात अडकलेले ओंडके गोळा करून खालच्या अंगाला पुन्हा नदीत सोडतात. पाणी अडवायचं, लाकूड जाऊ द्यायचं. त्याने विचारलं, त्याचं टेंडर कोण काढेल? आणि काढलं तरी ओंडके नदीत सुटायच्या आत ट्रकमध्ये भरले जाणार नाहीत याची हमी काय? या प्रश्नाला वखारवाल्याची मुलगी काय उत्तर देणार! आमच्या आवारात आलेलं सगळंच लाकूड कुठून आलं, हे आप्पांनी तरी कुठे विचारलं होतं. तेवढ्यात लाईट आली, आणि तो मोटर चालू करायला पळाला.